कार्डावरची न वाचलेली चिप

अमिगा २००० उघडून हार्डडिस्कचं जुनं कार्ड बाहेर काढलं की नजर आधी मोठ्या चिपांवर जाते. डिस्क सांभाळणारी चिप, तिच्या शेजारी लेबल चिकटवलेली रॉम, मेमरीची रांग. या सगळ्यांच्या मधल्या फटीत वीस पिनांच्या दोन-तीन बारक्या काळ्या चिपा असतात. कुणावर 'यू ७' एवढंच छापलेलं, कुणावर रंगाचा ठिपका, कुणावर काहीच नाही. संग्राहक रॉमची प्रत काढून ठेवतो, कार्डाचे फोटो घेतो आणि या बारक्या चिपांना बाजारात मिळणारे सुटे भाग समजून पुढे जातो. मग एके दिवशी कार्ड चालेनासं होतं. रॉम शाबूत, मेमरी शाबूत, पण संगणकाला कार्ड दिसतच नाही.

अमिगाच्या झोरो पद्धतीत संगणक सुरू होताच प्रत्येक कार्डाची चौकशी करतो. कार्डाने ई८०००० या पत्त्यावर चार-चार बिटांच्या तुकड्यांत उत्तर द्यायचं असतं: बनवणारा कोण, वस्तू कोणती, मेमरीत जागा किती हवी. अमिगा बनवणाऱ्या कमोडोरचा क्रमांक ५१४, जीव्हीपी या कंपनीचा २०१७. पुष्कळ कार्डांवर हे उत्तर रॉममध्ये नसतंच. ते त्या वीस पिनांच्या चिपमध्ये तर्काच्या समीकरणांच्या रूपात बसवलेलं असतं. ती चिप गेली की कार्डाला आपलं नावच सांगता येत नाही.

या चिपांना प्रोग्रॅमेबल लॉजिक म्हणतात. जुनी यंत्रं जपणाऱ्या जगात रॉमचं महत्त्व सगळ्यांना पटलेलं आहे, पण या चिपांच्या वाट्याला ते भाग्य फार उशिरा आलं. खरं तर रॉमइतकाच मजकूर त्यांच्यातही आहे. तो एका इंजिनियरने विचार करून लिहिलेला आहे, आणि बहुतेक वेळा त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

सत्तरच्या दशकात तर्काचं काम ७४ मालिकेच्या चिपांवर चाले. एका चिपमध्ये चार 'अँड' गेट, दुसरीत सहा 'नॉट', तिसरीत चार 'ऑर'. साधं कार्ड बनवायचं तरी अशा डझनावारी चिपा लागत, आणि डिझाइनमध्ये चूक निघाली तर बोर्ड नव्याने आखावा लागे. सिग्नेटिक्सने १९७५मध्ये ८२एस१०० ही चिप आणली. तिच्यात 'अँड' आणि 'ऑर' या दोन्ही जाळ्या वापरणाऱ्याला हव्या तशा जोडता येत. चिप कामाची होती, पण महाग आणि जरा संथ. कॅलिफोर्नियातल्या मोनोलिथिक मेमरीज कंपनीत जॉन बर्कनर आणि एच. टी. चुआ यांनी त्यातून वाट काढली. 'ऑर'ची जाळी त्यांनी पक्की बांधून टाकली आणि फक्त 'अँड'ची जाळी मोकळी ठेवली. चिप लहान झाली, वेगवान झाली, स्वस्त झाली. १९७८मध्ये ती 'पॅल' या नावाने बाजारात आली.

पॅलसोबत आलेलं पॅलाझम हे सॉफ्टवेअरही तितकंच महत्त्वाचं. इंजिनियरने समीकरण लिहायचं आणि पॅलाझमने त्याचा फ्यूजांचा नकाशा करून द्यायचा. ते फोरट्रानमध्ये लिहिलेलं होतं आणि कंपनीने त्याची मूळ संहिता आपल्या हँडबुकातच छापून टाकली होती. ट्रेसी किडर यांच्या 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' या पुलित्झर मिळालेल्या पुस्तकात डेटा जनरलच्या ज्या संगणकाची कहाणी आहे, त्याच्या प्रकल्पाचे प्रमुख टॉम वेस्ट यांनी याच नव्याकोऱ्या पॅलवर भिस्त ठेवण्याची जोखीम घेतली होती. पुढे १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या बोर्डावरही मेमरी, पडदा आणि आवाज यांचं वेळापत्रक पॅलनेच सांभाळलं. तोवर विस्तार कार्डं बनवणाऱ्या लहान कंपन्यांना ही चिप म्हणजे वरदान ठरली होती. स्वतःची चिप ओतून घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता. पॅल मात्र टेबलावर बसून दोन मिनिटांत 'लिहिता' येई.

लिहायचं म्हणजे फ्यूज उडवायचे. घरातल्या मीटरच्या फ्यूजसारखंच हे काम आहे, फक्त आकार सूक्ष्म. सर्रास वापरली गेलेली एक चिप म्हणजे पॅल १६एल८. तिच्या जाळीत १६ संकेत येतात. प्रत्येक संकेत सरळ आणि उलटा अशा दोन रूपांत, म्हणून ३२ उभ्या रेषा. आठ आउटपुटांना प्रत्येकी आठ ओळी, म्हणून ६४ आडव्या रेषा. जिथे उभी आडवीला छेदते तिथे टायटॅनियम-टंगस्टनचा एक फ्यूज. एकूण २०४८. नको असलेले फ्यूज जास्त विजेने जाळून टाकायचे. उरलेल्या जोडण्या म्हणजेच तर्क.

उदाहरण पीसीच्या सीरियल पोर्ट कार्डाचं घेता येईल. पहिल्या सीरियल पोर्टचा पत्ता ३एफ८. हा आकडा बायनरीत मांडला तर ए९पासून ए३पर्यंतच्या सातही रेषांवर एक येतो. शेवटच्या तीन रेषा कार्डावरच्या आठ रजिस्टरांपैकी एक निवडायला मोकळ्या सोडलेल्या. म्हणजे पॅलमधली एकच ओळ पुरते: सातही रेषा एक असतील आणि पत्ता प्रोसेसरचाच आहे की नाही हे सांगणारी एईएन ही रेषा शून्य असेल, तरच कार्ड जागं व्हावं. ए८ शून्य केली की पत्ता २एफ८ होतो, म्हणजे दुसरा पोर्ट. कार्डावरचा जम्पर या दोन ओळींपैकी एक निवडतो. इतकी साधी गोष्ट, पण ती कार्डावर कुठेही छापलेली नसते. बोर्डाचा माग काढणाऱ्याला एवढंच दिसतं की काही रेषा एका काळ्या चिपमध्ये शिरतात आणि एक बाहेर पडते.

हे कार्ड साधं म्हणून अंदाज तरी करता येतो. प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या कार्डावर, जिथे दोन घड्याळांचा मेळ घालायचा असतो, तिथे अंदाजाचं काम नाही. अशा वेळी मूळ समीकरणं मिळाली तर सोन्याहून पिवळं. कमोडोरमध्ये ए२६२० आणि ए२६३० या अमिगाच्या प्रवेगक कार्डांवर काम केलेले इंजिनियर डेव्ह हेनी यांनी आपल्या काळातली कामाची कागदपत्रं जपली आणि नंतर ती लोकांसाठी खुली केली. असं भाग्य फार थोड्या कार्डांना लाभलं. कमोडोर १९९४च्या एप्रिलमध्ये बुडाली. मोनोलिथिक मेमरीज त्याआधीच, १९८७मध्ये, एएमडीत विलीन झाली होती. कार्डं बनवणाऱ्या छोट्या कंपन्या तर आल्या तशा गेल्या. कंपनीला टाळं लागताना फर्निचरचा लिलाव होतो. समीकरणांच्या फ्लॉपींना कोण विचारतो?

चिपमधून मजकूर परत वाचता येत नाही का? मूळ रचनेप्रमाणे येतो. फ्यूज उडवल्यावर काम नीट झालं की नाही हे तपासायची सोय प्रत्येक पॅलमध्ये आहे. पण नक्कल रोखायला आणखी एक सुरक्षेचा फ्यूजही दिलेला असे. तो उडवला की तपासणीचं दार कायमचं बंद. चिप आपलं काम करत राहते, फक्त आपल्या पोटात काय आहे ते सांगत नाही. आशेला जागा एवढीच की कारखान्यांत हा शेवटचा फ्यूज उडवायला पुष्कळदा विसरत, किंवा कंटाळा करत. म्हणून पहिला प्रयत्न सरळ वाचण्याचाच व्हायला हवा. अडचण यंत्राची आहे. जुन्या पॅल तपासायला नेहमीपेक्षा चढा व्होल्टेज लागतो आणि आज ऑनलाइन मिळणारे स्वस्त प्रोग्रॅमर तो देत नाहीत. त्यासाठी डेटा आय/ओसारख्या कंपन्यांची त्या काळातली अवजड यंत्रं लागतात, आणि ती यंत्रंही आता जपण्याचीच वस्तू झाली आहेत.

सुरक्षेचा फ्यूज उडालेला असला तरी चिप उत्तरं द्यायची थांबत नाही, आणि शौकिनांनी नेमका याचाच फायदा घेतला. मनातलं सांगत नसलेल्या माणसाला हजार प्रश्न विचारून त्याचा स्वभाव ओळखावा, तसं हे आहे. १६एल८ला जास्तीत जास्त १६ इनपुट, म्हणजे ६५,५३६ प्रश्न. चोवीस पिनांच्या २०एल८ला २० इनपुट, म्हणजे १०,४८,५७६. सेकंदाला दहा हजार प्रश्न विचारले तरी दोन मिनिटांच्या आत यादी संपते. साध्या पट्टीवर तारा जोडून पॅलला ईप्रॉम असल्याचं सोंग द्यायचं आणि प्रोग्रॅमरला तिच्यातून 'मेमरी' वाचायला सांगायचं, ही युक्ती खूप जुनी आहे. आता आर्डुइनोवर चालणारे खास वाचकही आहेत.

मात्र प्रश्न विचारण्यातही कसब लागतं. १६एल८च्या सहा पिना दुहेरी आहेत. कार्ड बनवणाऱ्याने त्या इनपुट म्हणून वापरल्या की आउटपुट म्हणून, हे बाहेरून कळत नाही. म्हणून त्यांना थेट व्होल्टेज न देता रेझिस्टरमधून हलका धक्का द्यायचा. पिन ऐकली तर ती इनपुट किंवा त्या क्षणी मोकळी. ऐकली नाही तर चिप स्वतः तिला धरून आहे. एकदा रेझिस्टर वर ओढून वाचायचं, एकदा खाली ओढून. दोन वेळांची उत्तरं वेगळी आली तर आउटपुट त्या प्रश्नापुरतं बंद होतं. ही तिसरी अवस्था नोंदली नाही तर प्रत वरवर बरोबर दिसते आणि कार्डात बसवल्यावर दोन चिपा एकाच रेषेवर भांडू लागतात.

त्याहून अवघड असतो तो मागचं लक्षात ठेवणारा तर्क. आउटपुट परत इनपुटला जोडून काही इंजिनियर पॅलमध्येच लॅच तयार करत. मग एकाच प्रश्नाला आधी काय विचारलं होतं त्यावर उत्तर बदलतं. यावर उपाय म्हणजे तीच यादी वेगवेगळ्या क्रमाने विचारायची आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. १६आर८सारख्या चिपांमध्ये तर आठ फ्लिप-फ्लॉपच असतात. तिथे घड्याळाची एकेक टिचकी देत, एका अवस्थेतून दुसरीत जात, पोहोचता येईल तेवढा सगळा नकाशा चालून काढावा लागतो. जास्तीत जास्त २५६ अवस्था. त्यांतल्या कित्येकांना कार्ड कधी स्पर्शही करत नाही.

हाती आलेली लांबलचक यादी आटोपशीर करायला बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेला एस्प्रेसो हा प्रोग्रॅम वापरतात. लाखभर ओळी देऊन तो पाच-सात समीकरणं परत करतो. ती मूळ इंजिनियरने लिहिली तशीच असतील असं नाही, पण वागणूक तीच. संवर्धन करणाऱ्याने हा फरक नोंदून ठेवणं फार गरजेचं आहे. काढलेलं समीकरण 'मूळ' म्हणून पुढे गेलं की पुढच्या पिढीला खरा दस्तऐवज कोणता हे ओळखता येणार नाही.

प्रश्न विचारूनच सारं उलगडल्याचं सुरेख उदाहरण म्हणजे १९८२चा कमोडोर ६४. या संगणकात पडदा, रॉम, रॅम आणि कार्ट्रिज यांच्यात वाट काढून देणारी जी चिप आहे, ती म्हणजे ८२एस१००च. १६ इनपुट, ८ आउटपुट. १६ रेषांचे ६५,५३६ पत्ते आणि प्रत्येकी ८ बिट, म्हणजे बरोबर ६४ किलोबाइट; २७सी५१२ या ईप्रॉमचं नेमकं तेच माप. त्यामुळे चिप वाचणंही सोपं गेलं आणि तिच्या जागी ईप्रॉम बसवणंही. पुढे कमोडोरने खर्च वाचवण्यासाठी आपल्याच एमओएस कारखान्यात तशी चिप बनवली. ती तापून लवकर निकामी होत असे, म्हणून बदली चिपला मागणीही भरपूर होती.

पण इथेच एक धडाही मिळाला. ईप्रॉममधला तक्ता शंभर टक्के बरोबर असूनही काही यंत्रं आणि काही कार्ट्रिज अडखळत. पत्ता बदलतानाच्या क्षणी ईप्रॉमचे आउटपुट नॅनोसेकंदांपुरते चळतात, आणि रॅमला जाणारी कॅसरॅम ही रेषा अशा चळण्याला फार हळवी आहे. उलट काही नव्या चिपा जास्तच चपळ निघाल्या, त्यांनीही घोळ घातला. तक्ता सांगतो काय होतं. केव्हा होतं, ते सांगत नाही. पॅल जपायची तर तिच्या अंगावर छापलेला वेगही, म्हणजे १५ नॅनोसेकंदांची की ३५ची, लिहून ठेवायलाच हवा.

नव्या पिढीच्या चिपांबद्दल एक समज उलटा आहे. लॅटिसने १९८५मध्ये गॅल आणली. विजेनेच पुसून पुन्हा लिहिता येणारी. एकटी गॅल १६व्ही८ डझनभराहून जास्त पॅलांचं सोंग घेऊ शके, म्हणून नव्वदीच्या दशकातल्या कार्डांवर ती सर्रास दिसते. नवी म्हणून ती जास्त टिकेल असं वाटतं, पण तिच्यात जळलेला फ्यूज नाही, साठवलेला विद्युतभार आहे. लॅटिसच्या माहितीपत्रात या भाराची हमी २० वर्षांची दिली होती. १९९०ची गॅल ही हमी संपून केव्हाच पुढे गेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक चिपा अजून चालतात, पण जो भार झिरपतो तो आवाज न करता झिरपतो. पहिल्या पिढीच्या पॅलचा उडालेला फ्यूज उडालेलाच राहतो. म्हणून ज्याच्याकडे दोन्ही प्रकारची कार्डं आहेत, त्याने गॅल आधी वाचायला घ्याव्यात. गॅलमध्ये सुरक्षा लावलेली असली तरी ६४ बिटांची एक सही नेहमी वाचता येते. कित्येकदा त्यात आवृत्तीचा क्रमांक सापडतो.

शेवटचा मार्ग चिप फोडण्याचा. धूर सोडणाऱ्या नायट्रिक ॲसिडमध्ये वरचं प्लॅस्टिक विरघळवून आतला सिलिकॉनचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. पॅलमध्ये उडालेला फ्यूज डोळ्याला दिसतो. दोन हजार ठिपके मोजायचे आणि नकाशा तयार. गॅलमधला भार मात्र अशा फोटोत दिसत नाही. हे काम धोक्याचं आहे, प्रयोगशाळेतलं आहे, आणि चिप त्यात संपते. मेलेल्या चिपसाठी ते ठीक. जिवंत आणि एकुलत्या एक चिपवर हा हात टाकू नये.

या सगळ्या कामात सर्वात शिस्तीची नोंद ठेवली ती आर्केड खेळ जपणाऱ्यांनी. १९९७मध्ये निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेल्या मेम प्रकल्पात प्रत्येक खेळाच्या रॉमांसोबत बोर्डावरच्या पॅलही नावानिशी लिहिलेल्या असतात, आणि जी वाचली गेली नाही तिच्यापुढे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. हरवलेल्याचीही यादी ठेवणं ही मोठी गोष्ट आहे. कॅपकॉमच्या 'स्ट्रीट फायटर २'च्या बोर्डावर एसटीएफ२९ नावाची अशी चिप आहे. कोणतं चित्र कोणत्या रॉममधून घ्यायचं हे ती ठरवते. तिच्यासारख्या चिपांची समीकरणं मिळाली तेव्हा त्या मालिकेतल्या खेळांसाठी पूर्वी केलेले तर्कवितर्क पुराव्याने तपासता आले. याच प्रकल्पातलं जेडयुटिल हे साधन फ्यूजांच्या नकाशातून वाचता येतील अशी समीकरणं काढून देतं. विस्तार कार्डांच्या जगात इतकी शिस्त अजून नाही. तिथे प्रत कुणाच्या तरी हार्डडिस्कवर, 'पॅल-नवीन-२' अशा नावाने पडलेली असते. कोणत्या कार्डाची, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या सॉकेटमधली, काही ठाऊक नाही.

महाराष्ट्रात या विषयाचा एक धागा घट्ट जोडलेला आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड हे पीसीच्या खाचेत बसणारं विस्तार कार्डच होतं. डॉसच्या काळात, पडद्यावर देवनागरी दिसणं दुर्मीळ असताना, त्या कार्डाने आणि त्याच्यासोबतच्या एएलपी या सॉफ्टवेअरने मराठीत काम करता येऊ लागलं. विंडोजवरचे फॉन्ट आले आणि ही कार्डं कपाटांत गेली, नाही तर भंगारात. संगणकावरच्या मराठीच्या इतिहासाचा तो पुरावाच आहे. कुणाच्या माळ्यावर असं कार्ड सापडलं तर त्याच्यावरची रॉम तर वाचावीच, पण प्रत्येक प्रोग्रॅमेबल चिपही कार्ड चालू अवस्थेत असतानाच वाचून ठेवावी. कार्ड बिघडल्यावर वाचलेली प्रत बरोबर की चूक, हे तपासायला काहीच उरत नाही.

कोकणपट्टीतल्या, मुंबईतल्या दमट हवेत हे काम लांबणीवर टाकणं महाग पडतं. काही जुन्या चिपांच्या पिनांवर चांदीचा मुलामा असे. तो काळा पडतो आणि सॉकेटमधला स्पर्श सुटतो. त्यातून बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर तिच्यातून पाझरलेला क्षार आजूबाजूच्या पिना खाऊन टाकतो. चिप काढताना स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नये. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचलावं. लेबल सोलण्याआधी त्याचा फोटो घ्यावा, कारण लेबलवरचा आकडा म्हणजे पुष्कळदा त्या समीकरणाच्या आवृत्तीचा एकमेव पुरावा, आणि चिपचं खरं नाव त्याच्याच खाली दडलेलं असतं. प्रत काढून झाली की ती नव्या चिपमध्ये उतरवून त्याच कार्डात चालवून पाहावी. लॅटिसने गॅल बनवणं थांबवलं असलं तरी मायक्रोचिपच्या एटीएफ१६व्ही८ आणि एटीएफ२२व्ही१० आजही मिळतात, स्वस्तातला प्रोग्रॅमरही त्या लिहू शकतो. चाचणी पास झाली की जुनी चिप पुन्हा आपल्या जागी, आणि नवी अँटीस्टॅटिक फोममध्ये टोचून कार्डाच्या खोक्यात.

त्या खोक्यात एक कागदही मावतो. जेडेकने ठरवून दिलेल्या फाइलच्या रूपात १६एल८चा सगळा मजकूर म्हणजे शून्य आणि एक यांच्या ६४ ओळी, प्रत्येकीत ३२ आकडे. शाबूत फ्यूज शून्य, उडालेला एक. ए४ आकाराच्या एका पानावर हे छापून होतं. वर कार्डाचं नाव, सॉकेटचा क्रमांक, चिपचा वेग, कोणत्या पिनेवर कोणता संकेत येतो त्याची यादी, प्रत कशी काढली आणि कधी तपासली ते. तळाशी चेकसमचे चार आकडे. हार्डडिस्क बदलल्या, संकेतस्थळं बंद पडली, तरी तो कागद हाती घेऊन कुणालाही ही चिप पुन्हा लिहिता येते.